विंडो की स्प्लिट? आधी घराची भिंत पाहा

उन्हाळा तापायला लागला की एसीच्या दुकानात पहिला प्रश्न येतो, "विंडो दाखवू की स्प्लिट?" आपलं उत्तर बहुधा घरूनच ठरलेलं असतं. पैसे हाताशी असतील तर स्प्लिट, नसतील तर विंडो. विंडो म्हणजे जुनं, आवाज करणारं, नाइलाजानं घ्यायचं यंत्र, ही समजूत पक्की बसली आहे. मला ती पटत नाही. महागडा स्प्लिट घेऊन दोन उन्हाळ्यांत त्याला कंटाळलेली घरं मी पाहिली आहेत आणि वर्षानुवर्षं विंडो निमूट चालवणारीही पाहिली आहेत.

दोन्ही यंत्रांच्या पोटात एकच काम चालतं. घराची भिंत त्या यंत्राच्या कुठल्या भागातून जाते, एवढाच मूळ फरक आहे. आवाज, वीजबिल, गळती, दुरुस्ती हे सगळं त्यातूनच निघतं.

एसी थंडी बनवत नाही, उष्णता उपसतो

फरशीवर पाणी सांडलं की आपण त्यावर फडकं टाकतो. फडकं पाणी पितं, मग ते मोरीत नेऊन पिळतो आणि परत आणून पुन्हा पाण्यावर टाकतो. एसी उष्णतेचं हेच करतो. इथलं फडकं म्हणजे ज्याला आपण नुसतं 'गॅस' म्हणतो तो पदार्थ. हा गॅस एसीत कधी द्रव असतो, कधी वायू, आणि सगळी किमया या बदलातच आहे.

हातावर सॅनिटायझर घेतलं की गार वाटतं, कारण उडून जाताना ते हाताची उष्णता घेऊन जातं. खोलीच्या बाजूला पातळ पत्र्यांत ओवलेल्या नळ्यांची एक चौकट असते, तिला कॉइल म्हणतात. या कॉइलमध्ये द्रव गॅस उडतो आणि खोलीतल्या हवेची उष्णता पितो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो. फडकं पिळणारे हात ते हेच. दाबला की गॅस इतका तापतो की बाहेर रणरणतं ऊन असलं तरी तो बाहेरच्या हवेपेक्षा गरमच असतो. त्यामुळे बाहेरच्या कॉइलमध्ये उष्णता त्याच्यातून निघून हवेत जाते आणि गॅसचा पुन्हा द्रव होतो. एका बारीक वाटेतून जाताना त्याचा दाब उतरतो, तो गार होतो आणि परत खोलीच्या कॉइलमध्ये येतो.

वीज लागते ती मुख्यतः या पिळण्याला आणि पंख्यांना. म्हणूनच एक युनिट वीज खर्चून चांगला एसी तीन किंवा त्याहून जास्त युनिट उष्णता बाहेर टाकू शकतो.

यातून दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवायच्या. बाहेरच्या कॉइलला मोकळी हवा मिळालीच पाहिजे, नाहीतर फडकं पिळायला जागाच नाही. आणि गॅस कधीही बाहेर पडता कामा नये. विंडो की स्प्लिट याचा निकाल बऱ्याच घरांत या दोन गोष्टींवरच लागतो.

मग दोघांत फरक काय?

विंडो एसीत दोन्ही कॉइल, कॉम्प्रेसर, पंखे, सगळं एकाच पेटीत असतं. पेटीचं तोंड खोलीत, पाठ बाहेर. गॅसच्या नळ्यांचे सगळे जोड कारखान्यात पक्के करून, तपासून येतात. तुमच्या घरी कुणी गॅसच्या नळीला हात लावायचा प्रश्नच नाही.

स्प्लिट म्हणजे हीच पेटी मधोमध कापलेली. थंड कॉइल आणि एक पंखा आत, भिंतीवर. कॉम्प्रेसर, गरम कॉइल आणि दुसरा पंखा बाहेर. दोन्ही अर्ध्यांना तांब्याच्या दोन नळ्या आणि एक वायर जोडते. त्या नळ्यांचे जोड मात्र तुमच्या घरी, शिडीवर उभा राहून एक माणूस करतो.

विंडोत एक छान युक्ती असते, ती सहसा कुणी सांगत नाही. थंड कॉइलवर हवेतलं बाष्प साचून पाणी होतं. पुष्कळ विंडो एसींत ते पाणी तळातून मागे वाहतं, आणि मागच्या पंख्याच्या पात्यांभोवतीची एक कडी ते उडवून गरम कॉइलवर शिंपडते. तापलेल्या अंगावर पाणी मारावं तसं. कॉइल लवकर निवते आणि कॉम्प्रेसरचा भार हलका होतो. पाठीमागून येणारा छपछप आवाज तो हाच. बिघाड समजून काही जण तळाला भोक पाडून पाणी काढून टाकतात आणि यंत्राची फुकटातली मदत घालवतात. अशा एसीचा छपछपाट ऐकू आला तर त्याला खुशाल छपछपू द्या.

"पण विंडोचा आवाज सहन होत नाही!"

हा आक्षेप खरा आहे आणि तो मी हलका करणार नाही. विंडोत कॉम्प्रेसर तुमच्याच खोलीच्या तोंडाशी बसलेला असतो. साधारणपणे विंडोचा आवाज ५० ते ६० डेसिबल भरतो, तर स्प्लिटचं आतलं युनिट कमी वेगावर ३० च्या आसपास किंवा त्याखालीही येतं. डेसिबलचा आकडा दहाने वाढला की कानाला आवाज जवळजवळ दुप्पट वाटतो, म्हणजे ही तफावत मोठी आहे. झोप सावध असेल, घरात तान्हं बाळ असेल, कुणी रात्री अभ्यास करत असेल, तर स्प्लिटच्या बाजूनं हे एकच कारण पुरेसं आहे.

तरी विंडोच्या आवाजातला काही भाग विंडोचा नसतो, चौकटीचा असतो. पेटी नुसतीच फळीवर टेकवली, भोवती रबर किंवा फोम नीट बसवला नाही, की कॉम्प्रेसर सुरू होताना सगळी खिडकी धडधडते. चौकट घट्ट केली की निम्मी तक्रार मिटल्याचं मी एकाहून जास्त घरांत ऐकलं आहे.

"स्प्लिट वीज कमी खातो ना?"

खाऊ शकतो. विंडोच्या पेटीला खिडकीचं माप सोडून वाढता येत नाही. स्प्लिटच्या बाहेरच्या युनिटला ती अडचण नाही, त्यामुळे त्यात मोठी कॉइल बसते, आणि कॉइल जितकी मोठी तितकी उष्णता सहज निघते. सगळ्यात कमी वीज खाणारी मॉडेल म्हणूनच सहसा स्प्लिटमध्ये सापडतात.

पण 'स्प्लिट' या शब्दाने वीज वाचत नाही. एसीवर कार्यक्षमतेचं लेबल असतं. किती वीज घेऊन किती उष्णता बाहेर टाकली, याचं ते गुणोत्तर. तुलना त्या आकड्याची करा. चांगल्या आकड्याचा विंडो हा साध्या आकड्याच्या स्प्लिटपेक्षा काटकसरी असू शकतो.

दुसरा गोंधळ 'इन्व्हर्टर' या शब्दाचा. त्याचा घरातल्या बॅटरीच्या इन्व्हर्टरशी संबंध नाही, वीज गेल्यावर हा एसी चालत नाही. साधा कॉम्प्रेसर म्हणजे एकच आच असलेली शेगडी. पेटली की पूर्ण, नाहीतर बंद. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर आच कमी-जास्त करतो. खोली गार झाल्यावर मंद गतीने चालत राहतो आणि तिथेच वीज वाचते. विंडोतही इन्व्हर्टर मिळतो, हे अनेकांना माहीतच नसतं. आणि एसी दिवसाकाठी तासभरच लावायचा असेल, तर मंद आचेची वेळ येण्याआधीच तो बंद होतो. अशा घरात इन्व्हर्टरचे जास्तीचे पैसे वसूल व्हायला फार काळ लागतो.

सगळा खेळ जोडणीत आहे

इथे मी जरा थांबणार आहे, कारण स्प्लिट कारखान्यातून अर्धाच तयार होऊन येतो. उरलेला अर्धा बसवणाऱ्याच्या हातात असतो.

तांब्याच्या नळीचं तोंड एका हत्याराने कर्ण्यासारखं पसरवतात, त्याला फ्लेअर म्हणतात. ते पितळी नटाने युनिटवर आवळतात. कडेला बारीकशी चीर राहिली, नळीतला कीस झटकला नाही, नट कमी आवळला किंवा जास्त आवळून कर्णा चिरडला, की गॅस तिथून हळूहळू निघतो. डोळ्यांना दिसत नाही, बहुधा वासही येत नाही.

माझ्याच घरात हे घडलं. लागोपाठ तीन उन्हाळे एसी मार्चमध्ये गार आणि मेमध्ये कोमट. दर वेळी कुणीतरी यायचं, "गॅस संपलाय" म्हणायचं, भरून जायचं. चौथ्या वर्षी आलेल्या मेकॅनिकने बाटली बाजूला ठेवली, वाटीत साबणाचा फेस केला आणि बाहेरच्या युनिटच्या जाड नळीच्या नटाभोवती बोटाने लावला. आम्ही दोघं बघत उभे. अर्ध्या मिनिटाने मोहरीएवढा एक बुडबुडा आला, फुगला, फुटला, पुन्हा आला. त्याने गॅस काढून घेतला, तेवढं टोक कापलं, नवा कर्णा केला. त्यानंतर आजवर गॅस भरावा लागलेला नाही.

म्हणून हे ठणकावून सांगतो: एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून किंवा वापरून संपत नाही. तो त्याच बंद वाटेत फिरत राहतो. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. ती न शोधता दरवर्षी गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. विंडोत ही भीती बरीच कमी, कारण जागेवर केलेला जोडच नसतो. त्याचीही कॉइल गळू शकते, विशेषतः समुद्राच्या खाऱ्या हवेत ती गंजते तेव्हा, पण ती गोष्ट वेगळी.

जोडणीचा दुसरा टप्पा व्हॅक्यूमचा. नळ्या जोडल्यावर त्यांच्यात खोलीतली हवा आणि तिच्यातलं बाष्प अडकलेलं असतं. ते पंप लावून ओढून काढावं लागतं. त्याला निदान पंधरा-वीस मिनिटं जातात, नळी लांब असेल तर जास्त. घाईत काही जण पंप आणतच नाहीत, एसीतलाच थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलतात आणि झालं म्हणतात. बाष्प आत राहिलं तर ते कॉम्प्रेसरमधल्या तेलाशी मिळून आम्ल तयार करतं, कॉम्प्रेसर आतून खराब होत जातो. शिवाय आर-३२ सारखे आजचे गॅस थोड्या प्रमाणात ज्वलनशील आहेत, ते असे मोकळे सोडणं धोक्याचं आहे. बसवणारा आला की पहिल्यांदा विचारा, "व्हॅक्यूम पंप आणलाय का?" नसेल तर दुसऱ्या दिवशी यायला सांगा. यात संकोच बाळगू नका.

दोन्ही नळ्यांवर स्वतंत्र फोम हवा. एकच फोम दोघींवर मिळून चढवला किंवा कोपऱ्यावर उघडा ठेवला, की गार नळीवर पाणी साचतं आणि काही महिन्यांनी भिंतीवर ओलीचा नकाशा उमटतो. पाणी जाण्याची नळी सरळ उताराला हवी. मध्ये कुठे पोट आलं की तिथे शेवाळ धरतं आणि एक दिवस आतल्या युनिटमधून पलंगावर थेंब पडू लागतात. बाहेरचं युनिट फार लांब असेल तर ठरावीक लांबीपुढे गॅस वजन करून वाढवावा लागतो. ती लांबी कंपनीच्या पुस्तिकेत दिलेली असते.

विंडोची जोडणी त्यामानाने साधी: भक्कम चौकट, बाहेरच्या बाजूला किंचित उतार, भोवतीच्या फटी बंद. फटी मात्र खरोखर बंद करा. बोटभर फट राहिली तरी त्यातून दिवसभर गरम हवा येते आणि एसी ती उपसत बसतो.

"एसी बाहेरची ताजी हवा आत आणतो, मग खिडकी अडली तर काय?"

आणत नाही. घरगुती एसी, विंडो असो की स्प्लिट, खोलीतलीच हवा फिरवून गार करतो. काही विंडो एसींत हवा बदलण्यासाठी एक छोटी झडप असते, पण तिच्यातून जाणारी हवा अगदी थोडी. रात्रभर दार-खिडक्या बंद ठेवून चार माणसं झोपली की सकाळी खोली कोंदट वाटते ती त्यामुळे. दिवसातून थोडा वेळ एसी बंद करून खिडकी उघडायलाच हवी. ती एकुलती एक खिडकीच विंडो एसीने अडवली तर हवाही गेली आणि उजेडही. अशा खोलीत मी विंडो सुचवणार नाही, भिंतीत स्वतंत्र भोक पाडता येत असेल तरच.

टनाचा आकडा: मोठा म्हणजे चांगला नव्हे

टन हे एसीचं वजन नाही. पूर्वी गारव्यासाठी बर्फ वापरायचे, त्या काळातलं हे माप. दोन हजार पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता पितो तेवढी एक टन. आजच्या भाषेत साधारण ३.५ किलोवॅट.

किती टन लागतील हे नुसत्या क्षेत्रफळावर ठरत नाही. शांत बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता सोडतो. निरभ्र दुपारी सूर्य समोरच्या एका चौरस मीटरवर १,००० वॅटच्या आसपास ओततो. पश्चिमेची उघडी काच किंवा डोक्यावर तापलेली गच्ची असेल तर तेवढ्याच खोलीला जास्त टन लागतात. पडदा किंवा बाहेरून सावली केली तर कमी.

पण "असू दे थोडा मोठा" हाही उपाय नाही. विलिस कॅरियर यांनी १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यासाठी वातानुकूलनाची योजना आखली, तेव्हा दुखणं दमटपणाचं होतं. कागद बाष्पाने फुगायचा आणि रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत. हवेतलं पाणी काढणं हे एसीचं तेव्हापासूनचं काम आहे आणि त्याला वेळ लागतो. गरजेपेक्षा मोठा साधा एसी पाच मिनिटांत खोली गार करून थांबतो, बाष्प तसंच राहतं. अंग गार पण चिकट. मग आपण तापमान आणखी खाली नेतो आणि बिल वाढतं. इन्व्हर्टर हे थोडंफार सांभाळून घेतो, पूर्णपणे नाही.

पर्यावरणाचा हिशेबही गळतीपाशीच येतो

ओझोनच्या थराला घातक गॅस आवरण्यासाठी १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. त्यांच्या जागी आलेले गॅस ओझोनला सुरक्षित निघाले, पण पृथ्वी तापवणारे, म्हणून २०१६ मध्ये किगाली इथे त्या करारात दुरुस्ती झाली. आर-३२ हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट तापवतो, त्याआधीचा आर-४१०ए सुमारे २,००० पट. घरगुती एसीत गॅस असतो किलोभराच्या आसपास. आर-३२ चा एक किलो निघून गेला तर सुमारे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं झालं. एका कर्ण्याची चीर इथवर पोचते.

भाड्याच्या घरात राहत असाल तर

विंडो. स्प्लिट हलवायचा म्हणजे गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून बंद करणं, नळ्या काढणं, नव्या घरी पुन्हा भोक, पुन्हा कर्णे, पुन्हा व्हॅक्यूम, आणि दर वेळी गळतीची नवी शक्यता. विंडो दोघं मिळून उचलतात आणि नव्या खिडकीत ठेवतात. जड असतो, एवढंच. फक्त नव्या घराची खिडकी कशी असेल ते सांगता येत नाही. बाहेर उघडणाऱ्या झडपांच्या उंच-अरुंद खिडकीत तो बसणार नाही.

बाहेरचं युनिट कुठे बसेल, आणि माणूस कुठे उभा राहील?

स्प्लिट घ्यायचं ठरत असेल तर पैसे देण्याआधी खिडकीतून डोकं बाहेर काढून बघा. बाहेरच्या युनिटसमोर मोकळी जागा हवी. अरुंद डक्टमध्ये एकावर एक पाच-सहा युनिटं टांगली की खालच्याचा गरम श्वास वरचा घेतो. वरच्या मजल्यावरचा एसी मग नवा कोरा असूनही दुपारी हरतो, आणि दोष यंत्राला दिला जातो. बंद गॅलरीत ठेवलेलं युनिटही स्वतःचीच गरम हवा परत ओढतं.

आणि त्या युनिटपर्यंत दरवर्षी कुणालातरी पोचायचं आहे. चौथ्या मजल्याच्या गुळगुळीत भिंतीवर, जवळ ना गॅलरी ना सज्जा, अशा जागी टांगलेली युनिटं मी रोज बघतो. ती साफ करायला आलेला मुलगा एका हाताने ग्रिल धरतो, एक पाय ब्रॅकेटवर ठेवतो आणि दुसऱ्या हाताने नट सोडतो. ब्रॅकेट युनिटच्या वजनासाठी असतो, माणसाच्या नव्हे, आणि काही पावसाळ्यांत तो गंजतो. बाहेर पाय टेकवायला पक्की जागा नसेल, सुरक्षा पट्टा अडकवायला आधार नसेल, तर त्या भिंतीवर स्प्लिट टांगू नका. युनिट गॅलरीच्या कठड्याच्या आत बसतंय का, गच्चीवर नेता येतंय का ते पाहा. यातलं काहीच जमत नसेल तर त्या खोलीला विंडो घ्या. मागची कॉइल साफ करायची वेळ आली की दोघांनी तो आत ओढून फरशीवर ठेवायचा आणि तिथेच बसून धुवायचा.